परदेशातला जॉब, फुकट तिकीट... आणि परतीचा रस्ता बंद!

मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला आठवतात सिनेमातल्या अंधाऱ्या गल्ल्या आणि फसवून आणलेल्या मुली. पण गेल्या पाच-सहा वर्षांत या धंद्याला नवा माल हवाय : डिग्रीवाला, इंग्रजी बोलणारा, कीबोर्डवर भराभर बोटं चालवणारा. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच! जग त्याला सोडवण्यासाठी काय करतंय आणि कुठे अडतंय, त्याचा हा रिपोर्ट.

पोस्ट : कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह. ठिकाण : बँकॉक. पगार : इथल्या दुप्पट-तिप्पट, इन्सेंटिव्ह वेगळा. राहणं-खाणं कंपनीकडे, तिकीट कंपनीचं, व्हिसाचं टेन्शन नको. पात्रता : कुठलीही डिग्री, बरं इंग्रजी, टायपिंगचा स्पीड. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर, वीस मिनिटांत आटोपणारा. अनुभव नसला तरी चालेल!

असा मेसेज टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर आला तर तुम्ही काय कराल? अप्रेझलमध्ये पाच टक्क्यांवर बोळवण झालेली असेल, ईएमआय डोक्यावर असेल आणि बॉस रोज डोकं खात असेल, तर निदान एकदा रिप्लाय तरी द्याल. त्यात गैर काहीच नाही. चांगल्या पॅकेजसाठी बाहेर जाणं हे तर आपल्या पिढीचं रोजचं बोलणं.

पण याच वर्णनाच्या जाहिरातींबद्दल भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची नोकरी देतो म्हणून आयटी येणाऱ्या तरुणांना नेलं जातंय, सोशल मीडियावरून आणि दुबईतल्या नि भारतातल्या एजंटांमार्फत गळ टाकला जातोय, आणि पोचल्यावर त्यांना बेकायदा सीमा ओलांडायला लावून म्यानमारमध्ये डांबलं जातंय, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

बँकॉकला उतरला, पोचला भलतीकडेच

नकाशा डोळ्यांसमोर आणा. बँकॉकच्या विमानतळावर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा असतो. गाडी हॉटेलकडे जाण्याऐवजी वायव्येला निघते आणि जवळपास पाचशे किलोमीटर चालते. शेवटी येतं माए सोत नावाचं थायलंडच्या टोकावरचं गाव. पुढे मोएई नदी. नदी कसली, उन्हाळ्यात तर मोठा ओढाच वाटावा अशी. पलीकडे म्यानमारमधलं म्यावड्डी. तिथे सरकारचं फारसं चालत नाही, चालतं ते बंदूकधारी गटांचं. त्यांच्या आश्रयानं उभ्या राहिलेल्या भिंतींआडच्या वसाहती म्हणजे केके पार्क, श्वे कोक्को वगैरे. आत हॉस्टेल, कँटीन, सुपरमार्केट, कराओके सगळं असतं. फाटकावर बंदूकवाला गार्ड असतो, आणि तो आतल्या माणसाला बाहेर जाऊ न देण्यासाठी असतो.

पहिल्याच दिवशी पासपोर्ट काढून घेतात. मग ‘जॉब प्रोफाइल’ समजतं. समोर कॉम्प्युटर, शेजारी चार-सहा मोबाइल, प्रत्येकात सुंदर मुलीचा किंवा देखण्या बिझनेसमनचा फोटो लावलेलं खोटं प्रोफाइल. काम एकच : जगातल्या कुठल्या तरी एकट्या माणसाशी गोड बोलत राहायचं, आठवडे-महिने विश्वास कमवायचा आणि मग त्याला क्रिप्टोच्या बनावट अॅपमध्ये पैसे गुंतवायला लावायचे. चिनी टोळ्या याला ‘डुक्कर कापणं’ म्हणतात. आधी खाऊ घालून धष्टपुष्ट करायचं, मग कापायचं! या शब्दामुळे फसलेल्या माणसाला आणखी लाज वाटते आणि तो तक्रारच करत नाही, म्हणून तो वापरू नका, असं आवाहन इंटरपोलनं डिसेंबर २०२४ मध्ये केलं.

दिवसाला बारा, कधी सोळा तास ड्यूटी. टार्गेट पूर्ण झालं नाही तर पगारकपात, उपासमार, मारहाण, विजेचे झटके. ‘मला जायचंय’ म्हटलं की हिशेब पुढे येतो. तुझं तिकीट, तुझं जेवण, एजंटचं कमिशन, आम्ही तुला विकत घेतल्याची किंमत. एवढे पैसे घरून मागव आणि जा. नाही जमलं तर दुसऱ्या कंपनीला विकतात, आणि कर्जाचा आकडा आणखी फुगतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ च्या अहवालात छळ, लैंगिक अत्याचार आणि डांबून ठेवण्याच्या अशा प्रकारांची नोंद केली आहे. त्याच अहवालात अंदाज दिलाय : एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा ठिकाणी जबरदस्तीनं राबत असावीत.

एवढं मोठं प्रकरण उभं राहिलं कसं? कंबोडियातलं सिहानूकव्हिल, म्यानमारची सीमा, लाओसमधला गोल्डन ट्रँगल हा भाग आधी चिनी जुगाऱ्यांसाठी कसिनोंनी भरला होता. २०१९ मध्ये कंबोडियानं ऑनलाइन जुगाराचे परवाने थांबवले. पाठोपाठ कोविड आला, सीमा बंद झाल्या आणि गिऱ्हाईक आटलं. इमारती होत्या, इंटरनेट होतं, गुंड होते. मालकांनी धंदा बदलला आणि खोल्यांत टेबलं मांडली. आता टेबलावर बसायला माणसं हवी होती. शक्यतो शिकलेली.

हे आपल्याकडचेच

‘असे अडाणी लोकच फसतात’ असं वाटत असेल तर थांबा. संयुक्त राष्ट्रांचा तोच अहवाल सांगतो की यातले बरेच जण शिकलेले आहेत. कॉम्प्युटर येणारे, दोन-तीन भाषा बोलणारे, काही तर पोस्ट ग्रॅज्युएट. इंटरपोलनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २७ देशांत एकत्र कारवाई केली. २८१ जणांना अटक झाली आणि तस्करीत अडकलेल्या १४९ जणांची सुटका झाली. तेव्हा उदाहरण म्हणून भारतातली एक केस दिली होती. तेलंगणातला एक अकाउंटंट नोकरीच्या आमिषानं आग्नेय आशियात नेला गेला, त्याच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली गेली आणि खंडणी भरल्यावरच तो घरी परतू शकला. अकाउंटंट! आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात, प्रत्येकाच्या मित्रांमध्ये एक तरी असतोच.

महाराष्ट्रही यात मागे नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई क्राइम ब्रँचनं तरुणांना लाओसला पाठवणाऱ्या रॅकेटमध्ये दोघांना अटक केली. मे महिन्यात तपास एनआयएकडे गेला आणि महाराष्ट्रासह उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, हरियाणा, चंडीगड अशा ठिकाणी छापे पडून पाच जणांना अटक झाली. एप्रिल २०२५ मध्ये ‘महाराष्ट्र सायबर’नं म्यानमारमध्ये अडकलेल्या साठहून अधिक भारतीयांची सुटका केल्याचं जाहीर केलं आणि एजंटांना अटक केली.

आणखी एक आकडा. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात टुरिस्ट व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ जण तोपर्यंत परतलेच नव्हते, असं इमिग्रेशन विभागाच्या आकडेवारीतून समोर आलं. त्यात महाराष्ट्रातले ३,२३३. हे सगळेच कुठे डांबलेले असतील असं नाही. काही जण खरोखरच नोकरी-धंद्यात असतील. पण टुरिस्ट म्हणून गेलेला माणूस वर्ष-दोन वर्षं परत येत नाही, तेव्हा तो कुठे आहे हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

‘स्वतःहून गेला ना?’

या सगळ्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, कधी कधी पोलीसही विचारतात. ‘पण तो तर स्वतःहून गेला होता ना?’ त्याला कुणी पोत्यात घालून नेलं नाही. पासपोर्ट त्यानं काढला, विमानात तो बसला, स्टेटसला एअरपोर्टचा फोटो त्यानंच टाकला. मग ही तस्करी कशी?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. या विषयावरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार पॅरिसमध्ये १९०४ साली झाला. तेव्हा चिंता होती ती फक्त देहविक्रयासाठी नेल्या जाणाऱ्या गोऱ्या स्त्रियांची. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार आला, तोही देहविक्रयापुरताच. आपल्याकडे ज्याला सगळे ‘पिटा’ म्हणतात, तो १९५६ चा कायदा त्याच विचारातून आला. त्यामुळे तस्करी म्हणजे कामाठीपुरा नाहीतर बुधवार पेठ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं. वीटभट्टीवरचा वेठबिगार, मासेमारीच्या बोटीवर अडकलेला पोरगा हे त्यात बसतच नव्हते. मग कॉम्प्युटरपुढचा ग्रॅज्युएट कुठून बसणार?

चित्र बदललं ते नोव्हेंबर २००० मध्ये. संयुक्त राष्ट्रांनी संघटित गुन्हेगारीविरोधी करार केला आणि त्याच्या जोडीला मानवी तस्करीवरचा प्रोटोकॉल. सही करण्याचा सोहळा इटलीतल्या पालेर्मोमध्ये झाला, म्हणून तो ‘पालेर्मो प्रोटोकॉल’. हो, माफियांसाठी कुप्रसिद्ध सिसिलीची राजधानी तीच! आज १८० हून अधिक देश त्याला बांधलेले आहेत. भारतानं २०११ मध्ये त्याला मंजुरी दिली.

या प्रोटोकॉलनं पहिल्यांदाच जगाला तस्करीची एक व्याख्या दिली. तिचे तीन भाग आहेत. एक, कृती : माणसाची भरती करणं, नेणं, ठेवून घेणं. दोन, साधन : जबरदस्ती, धमकी, फसवणूक, अगतिकतेचा गैरफायदा. तीन, हेतू : शोषण, मग ते देहविक्रयासाठी असो, वेठबिगारीसाठी असो वा अवयव काढण्यासाठी. आणि पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. फसवणूक किंवा जबरदस्ती वापरली असेल, तर त्या माणसानं ‘हो’ म्हटलं होतं की नव्हतं, याला काही अर्थ उरत नाही.

थोडक्यात, त्यानं होकार दिला होता तो बँकॉकमधल्या नोकरीला. म्यावड्डीतल्या कैदेला त्यानं होकार दिलेला नव्हता. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही स्पष्ट लिहिलंय की तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. ‘स्वतःहून गेला ना?’ या प्रश्नाचं कायद्यानं दिलेलं उत्तर आहे : गेला असेल, मग काय?

वीज तोडली, विमानं धाडली

कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात काय झालं? बरंच झालं, पण उशिरा.

इंटरपोलनं जून २०२३ मध्ये ‘ऑरेंज नोटीस’ काढून जगाला सावध केलं. हा आता एखाद्या भागापुरता प्रश्न राहिलेला नाही, असा तिचा अर्थ. मार्च २०२५ पर्यंतच्या त्यांच्या हिशेबानुसार ६६ देशांतली माणसं अशा सेंटर्समध्ये नेली गेली होती.

मोठा धक्का बसायला मात्र एक सेलिब्रिटी लागला. जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग हा चिनी अभिनेता सिनेमाच्या कामासाठी म्हणून बँकॉकला आला आणि गायब झाला. काही दिवसांनी तो म्यावड्डीत सापडला, डोक्याचं मुंडण केलेल्या अवस्थेत. चीनमध्ये खळबळ उडाली, पर्यटकांनी थायलंडची बुकिंग रद्द केली. थायलंडला घाम फुटला. ५ फेब्रुवारी २०२५ ला थायलंडनं सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. म्हणजे तोपर्यंत या तुरुंगांचे दिवे शेजारच्या देशाच्या विजेवर चालले होते! त्यानंतरच्या आठवड्यांत म्यावड्डी भागातल्या सशस्त्र गटांनी सात हजारांहून अधिक माणसं बाहेर काढली.

भारतानं हवाई दलाची विमानं पाठवली. १० मार्च २०२५ ला माए सोतहून २८३ जण परत आले, दुसऱ्या दिवशी आणखी २६६. ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्करानं केके पार्कवर छापा घातला, तेव्हा दीड हजारांवर माणसं नदी ओलांडून माए सोतला पळाली. त्यांत सुमारे पाचशे भारतीय होते. नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमानं गेली. एका दिवशी २७० आणि नंतर १९७ जण परतले. त्याआधी लाओस आणि कंबोडियातूनही दूतावासांनी शेकडो भारतीयांना सोडवलं होतं.

थायलंडनं इंटरनेट तोडल्यावर या मंडळींनी काय केलं असेल? छतांवर स्टारलिंकच्या डिश लावल्या. म्यानमारमधल्या संशयित स्कॅम सेंटर्सजवळची अडीच हजारांहून अधिक उपकरणं बंद केल्याचं कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं.

बड्या माशांपर्यंतही हात पोचायला लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं कंबोडियातल्या ‘प्रिन्स ग्रुप’वर निर्बंध लादले. त्याचा प्रमुख चेन झी याच्यावर न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र दाखल झालं. डांबून ठेवलेल्या माणसांकडून फसवणुकीचं काम करवून घेतल्याचा आरोप आहे. ग्रुपनं आरोप नाकारलेत. पण अमेरिकेनं जप्तीसाठी जे बिटकॉइन ताब्यात घेतले, त्यांची किंमत त्या वेळी सुमारे १५ अब्ज डॉलर होती. फिलिपिन्समध्ये तर बाम्बान नावाच्या गावाची माजी महापौर अॅलिस गुओ हिला नोव्हेंबर २०२५ मध्ये मानवी तस्करीसाठी जन्मठेप झाली. तिच्या गावातल्या अशाच एका वसाहतीवर २०२४ मध्ये छापा पडला होता. फसवणुकीच्या किरकोळ कलमांवर न थांबता थेट तस्करीचा कायदा लावला, तर काय होऊ शकतं ते तिथे दिसलं.

घोडं कुठे अडतं?

मग प्रश्न सुटला? कुठला सुटतोय! म्यावड्डीत दाब वाढला की माणसं आणि मशिनं दुसरीकडे हलतात. भिंत, वायफाय आणि विकत घेता येणारा अधिकारी, एवढं असलं की दुकान सुरू.

पण त्याहून मोठी अडचण सुटकेनंतरची आहे. ज्याला बाहेर काढलं, तो पीडित की गुन्हेगार? त्यानं फसवलेली माणसं खरीच असतात. कुणाच्या रिटायर्ड वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, कुणाच्या लग्नाची पुंजी. आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमकीनं रात्रभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलेल्या आजी-आजोबांच्या बातम्या आपण वाचल्यात. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत भारतात नोंदल्या गेलेल्या सायबर फसवणुकीपैकी सुमारे ४६ टक्के प्रकरणांचा माग म्यानमार, कंबोडिया आणि लाओसपर्यंत पोचल्याचं केंद्रीय यंत्रणेनं सांगितलं होतं. त्या आजींच्या मुलाला ‘पलीकडचा माणूसही बिचारा कैदी होता’ असं सांगून बघा!

शिवाय काही जण जाणूनबुजूनही जातात. काम काय आहे हे माहीत असतं, कमिशन मिळतं म्हणून राहतात. काही जण आत बढती घेऊन स्वतःच टीम लीडर होतात आणि नव्यांवर काठी उगारतात. त्यामुळे तपास यंत्रणांनी परतलेल्यांची चौकशी करणं चुकीचं नाही. ती व्हायलाच हवी. प्रश्न एवढाच, की चौकशी कुठून सुरू होते? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचं म्हणणं सरळ आहे : ज्यांच्याकडून जबरदस्तीनं गुन्हा करवून घेतला, त्यांना त्या गुन्ह्याची शिक्षा देऊ नका. आधी विचारा, पासपोर्ट कुणाकडे होता? बाहेर जाता येत होतं का? मारहाण झाली का? पैसे कोणी मागितले? या उत्तरांवरून कोण कैदी आणि कोण जेलर, ते बऱ्यापैकी कळतं. हे न विचारता सगळ्यांना एकाच तराजूत तोललं, तर परतलेला पोरगा तोंडच उघडत नाही. आणि एजंटचं नाव फक्त त्यालाच माहीत असतं.

आपल्या कायद्यातही फटी आहेत. कलम १४३ मध्ये शोषण म्हणजे काय ते सांगताना गुलामगिरी, लैंगिक शोषण, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हे सगळं येतं, पण ‘जबरदस्तीनं गुन्हा करायला लावणं’ हे शब्द नाहीत. सर्वंकष तस्करीविरोधी विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते पोचायच्या आत लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं.

दुसरी फट तर खास आपल्यासाठी आहे. परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा झाला. त्यानुसार दहावीही न झालेल्या माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागते. त्याचा करार, पगार, एजंट हे सगळं तपासलं जातं. दहावी झालेल्याला ही अट नाही. हेतू चांगला होता. शिकलेल्याला स्वतःचं हित कळतं, त्याला कशाला अडवा! पण त्यामुळे प्लंबर निघाला की सरकार त्याचे कागद तपासतं, आणि बी.कॉम. निघाला की ‘हॅपी जर्नी’. तस्करांनी हे बरोबर हेरलं. टुरिस्ट म्हणून निघालेल्या ग्रॅज्युएटला कुठल्याच खिडकीवर कुणी थांबवत नाही.

चौकट : ऑफर आलीये? आधी हे बघा!

• व्हिसा कुठला? टुरिस्ट किंवा ‘ऑन अरायव्हल’ व्हिसावर थायलंड, लाओस, कंबोडियात नोकरी करता येत नाही. ‘आधी या, वर्क परमिट नंतर करू’ म्हटलं की तिथेच नमस्कार.

• एजंट नोंदणीकृत आहे का? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक एजंटांची यादी असते. त्यांना जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, आणि पावती द्यावीच लागते.

• कंपनीला स्वतः गाठा. एजंटनं दिलेल्या नंबरवर नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर. त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून विचारता येतं.

• कामापेक्षा पगार फारच जास्त, इंटरव्ह्यू फारच सोपा आणि निघायची फारच घाई. तिन्ही एकत्र आले तर सरळ नाही म्हणा.

• निघालातच, तर पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि ऑफर लेटरच्या कॉपी घरी ठेवा. रोज लोकेशन पाठवा. घरच्यांशी एखादा साधा शब्द ठरवून ठेवा, जो उच्चारला की ‘मी अडचणीत आहे’ हे त्यांना कळेल.

• घरचं कुणी अडकलं असेल तर खंडणी पाठवण्याआधी पोलिसांत तक्रार द्या आणि भारतीय दूतावासाला कळवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आणि अशा टोळीनं तुमचेच पैसे लुबाडले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

शेवटी एकच

आंतरराष्ट्रीय परिषदा होतील, निर्बंध लागतील, विमानं जातील-येतील. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनच्या २०२४ च्या अंदाजानुसार सक्तीच्या मजुरीतून जगात वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. एवढा पैसा असलेला धंदा दोन-चार छाप्यांनी बंद पडत नाही. पण त्याला एक गोष्ट रोज नव्यानं लागते, ती म्हणजे भरती. आणि ती भरती म्यावड्डीत होत नाही. ती ठाण्यात, नागपुरात, पुण्यात होते. ओळखीच्याच कुणाकडून, एखाद्या कन्सल्टन्सीच्या एसी ऑफिसात, किंवा ‘भाई, एक मस्त ओपनिंग आहे’ या मेसेजवर.

ही साखळी इथे तुटायची असेल तर परतलेल्या माणसाला बोलता आलं पाहिजे. आज अनेक जण बोलत नाहीत. कर्ज काढून गेलो, फसलो, वर लोकांना लुबाडलं, आता कुठल्या तोंडानं सांगू, असं त्यांना वाटतं. घरचेही ‘झालं ते झालं, कुणाला सांगू नकोस, स्थळं यायची बंद होतील’ म्हणतात. आणि ज्या एजंटनं त्याला पाठवलं, तो पुढच्या बॅचची तिकिटं काढत असतो.

तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी असं परत आलं, तर ‘अरे, तू गेलासच कशाला?’ हे विचारू नका. तो प्रश्न त्यानं स्वतःला हजार वेळा विचारलाय. त्याला चहा पाजा आणि विचारा, ‘तुझं तिकीट कोणी काढलं होतं?’ मग ते नाव घेऊन त्याच्यासोबत पोलीस स्टेशनला जा.